फोन वाजत नाही, तरी हात जातो

‘फोन सारखा वाजतो, त्यामुळे कशातच लक्ष लागत नाही’ ही तक्रार आपण सगळेच करतो. ती कितपत खरी आहे, हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या मॅक्सी हाइटमायर आणि सादी लाहलू या दोन संशोधकांनी तपासून पाहिलं. त्यांनी ३७ जणांना चष्म्यावर बसवलेले छोटे कॅमेरे दिले. माणूस जे पाहील ते कॅमेरा टिपणार. नंतर त्याच माणसाला शेजारी बसवून ते चित्रण दाखवायचं आणि आत्ता इथे फोन कशासाठी घेतलात, असं विचारायचं. असे १,१३० प्रसंग जमले आणि २०२१ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फोननं आवाज करून, थरथरून किंवा उजळून माणसाला बोलावलं, असे प्रसंग अवघे ११ टक्के निघाले. उरलेल्या ८९ टक्के वेळा माणसानं फोन आपण होऊन उचलला होता.

मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. फोनच्या सवयीबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं, ते बहुतेक तासांच्या हिशेबात असतं. रोजचे पाच तास म्हणजे वाईट, दोन म्हणजे बरं. हा हिशेब सोपा आहे, कारण फोन तो स्वतःच मांडून देतो. पण आपली सवय समजून घ्यायची असेल तर तासांकडे बघून फारसं काही हाती लागत नाही. हात फोनकडे जातो, त्याच्या आधीच्या एक-दोन सेकंदांत काय घडतं ते पाहायला हवं. तिथे काय चाललंय हे एकदा दिसलं, की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

एखाद्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हे नीट बघायला मिळतं. माणूस आत येतो, मजल्याचं बटण दाबतो, दार बंद होतं आणि हात खिशात जातो. लिफ्टमध्ये बहुतेक वेळा रेंज नसते, हे त्याला रोजच्या अनुभवानं ठाऊक असतं. तरी फोन बाहेर येतो, अंगठ्यानं उघडला जातो. नवीन काही येणार नसतं, म्हणून पडदा एकदा डावीकडे सरकतो, एकदा उजवीकडे. सकाळीच वाचून झालेला एखादा मेसेज पुन्हा उघडला जातो. मजला आला की फोन बंद होऊन खिशात परत. या वीस-पंचवीस सेकंदांत त्याला कुणाशी बोलायचं नव्हतं, काही शोधायचं नव्हतं, बातमी वाचायची नव्हती. दार बंद झालं, हात रिकामा होता आणि समोर बघायला काही नव्हतं, एवढंच झालं होतं. गॅसवरचं दूध वर येण्याची वाट बघताना, सिग्नलला, बँकेतल्या रांगेत, लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की, असंच होतं.

फिनलंडमधले संशोधक अंत्ती औलासविर्ता आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये या वागण्याचा अभ्यास मांडला होता. फोन उघडायचा, एखादी गोष्ट पाहायची आणि काही क्षणांत बंद करायचा, अशी छोटी फेरी दिवसभर पुन्हा पुन्हा होत राहते आणि ती ठरावीक जागांशी, ठरावीक मनःस्थितींशी बांधली जाते, असं त्यांना आढळलं. ब्रिटनमध्ये २०१५ साली झालेल्या एका लहानशा अभ्यासात लोकांच्या फोनमध्ये नोंद ठेवणारं अ‍ॅप टाकलं आणि त्यांचा स्वतःचा अंदाजही विचारला. एकूण किती वेळ वापरतो, हे लोकांना बऱ्यापैकी सांगता आलं. किती वेळा वापरतो, हे मात्र सांगता आलं नाही. नोंदीत दिवसाला सरासरी ८५ वेळा दिसत होतं, लोकांचा अंदाज त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हता. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा वापर ३० सेकंदांच्या आतला होता. आपण एकेका वेळी इतका थोडा वेळ फोन हातात घेतो की तो घेतला होता हेच ध्यानात राहत नाही.

याला विसरभोळेपणा म्हणता येणार नाही. सवय अशीच चालते. वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना दर तासाला एकदा थांबून ‘आत्ता काय करतोय आणि मनात काय चाललंय’ हे लिहायला लावलं होतं. दिवसातल्या सुमारे ४३ टक्के कृती रोजच्याच, त्याच जागी आणि मन भलतीकडे असताना होत होत्या. सवयीचं काम मेंदू विचारापर्यंत येऊच देत नाही. दात घासणं, कुलूप लावणं, गाडीचे गिअर बदलणं यासाठी ही सोय फार उपयोगाची आहे. फोन त्याच सोयीत जाऊन बसला आहे.

आता ही सवय इतकी घट्ट का होते? इथे थोडं थांबायला हवं, कारण याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर कबुतरांवर प्रयोग करत असत. पेटीतल्या एका चकतीवर कबुतरानं चोच मारली की दाणा पडायचा. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाला की कबूतर जरा विसावा घेई. दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी चाळिसाव्या, कधी लागोपाठ दोनदा असा बेभरवशाचा येऊ लागला, की ते अखंड टोचत राही. दाणा देणं पार थांबवलं, तरी बराच काळ टोचत राही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये हे सगळं एका जाड ग्रंथात नोंदवून ठेवलं. जुगाराच्या यंत्रांचं आकर्षण याच नियमावर उभं आहे, आणि फोन उघडल्यावर जे घडतं तेही त्याच जातीचं आहे. दहापैकी नऊ वेळा काहीच नसतं. दहाव्या वेळी बहिणीनं पाठवलेला भाच्याचा फोटो असतो. नोकरीच्या अर्जाला उत्तर आलेलं असतं. कुठल्या वेळी काय असेल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी बघावं लागतं.

मेंदूत त्या वेळी काय होतं, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशींची नोंद घेऊन दाखवलं. सुरुवातीला माकडाला फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चालत. दिवा लागला की पाठोपाठ रस मिळतो हे माकडाला उमजल्यावर पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या, रस मिळताना गप्प राहू लागल्या. दिवा लागला आणि रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. शुल्ट्झ, दायान आणि माँटॅग्यू यांचा १९९७ मधला निबंध याच विषयावर आहे. २००३ मध्ये शुल्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. खूण दिसल्यापासून रस मिळेपर्यंतच्या वाट पाहण्याच्या काळात या पेशींची हालचाल हळूहळू चढत जाते, आणि रस मिळण्या-न मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असते तेव्हा ती सगळ्यांत जास्त असते.

म्हणजे डोपामिन हे आनंदाचं रसायन, असं जे सरसकट लिहिलं जातं ते बरोबर नाही. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं होतं, त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की ते अगदी इतर उंदरांसारखेच मिटक्या मारत. पण समोर खाणं ठेवलं तरी उठून खायला जात नसत. चव आवडणं आणि ती हवीशी वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, असा बेरिज यांचा निष्कर्ष. रात्री साडेअकराला रील्स बघत बसलेल्या माणसाला विचारलं, तर ‘मजा येतेय’ असं तो क्वचितच म्हणेल. ‘कंटाळा आलाय, पण ठेववत नाही’ असं म्हणेल. तो खरंच सांगत असतो. आवड केव्हाच संपलेली असते, ओढ मात्र चालू असते.

शरीरसुद्धा या ओढीत सामील होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांना विचारलं गेलं, की फोन किंवा पेजर थरथरला नसताना थरथरल्यासारखं वाटतं का? उत्तर देणाऱ्या १६९ जणांपैकी ६८ टक्के ‘हो’ म्हणाले. हा अभ्यास २०१० मधला. मांडीवरच्या कपड्याची हालचाल किंवा स्नायूचं किंचित फडफडणं वाट पाहणाऱ्या मेंदूला फोनसारखं भासत असावं.

ही ओढ मुळातली, माणसाची. तिच्यावर कारागिरी झाली ती गेल्या वीसेक वर्षांत. अ‍ॅझा रास्किन यांनी २००६ मध्ये पानाचा शेवटच काढून टाकणारी रचना तयार केली. खाली सरकवत राहायचं, नवीन मजकूर येत राहणार. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, दिवाळी अंक कधीतरी वाचून होतो. इथे मात्र पंगतीत वाढपी न विचारता वाढत राहावा आणि पान कधी रिकामं होऊच नये, तसं होतं. ‘आता बस’ म्हणण्याची जागाच उरत नाही. रास्किन यांनी पुढे या शोधाबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. पडदा खाली ओढून सोडला की नवीन मजकूर येतो, ही युक्ती लॉरेन ब्रिक्टर यांनी ट्विटरसाठी केलेल्या एका अ‍ॅपमधून आली. ओढायचं, क्षणभर थांबायचं, काय येतं ते बघायचं. कबुतराची चकती आठवावी असाच हा प्रकार आहे. फेसबुकचं ‘लाइक’ बटण फेब्रुवारी २००९ मधलं. त्याआधी तिथे लिहिलेलं किती जणांना आवडलं हे मोजायची सोय नव्हती. ती आल्यावर लिहिणारा माणूससुद्धा पुन्हा पुन्हा बघायला येऊ लागला.

आपल्याकडे या सगळ्याला एक लगाम होता, तो म्हणजे पैसा. ‘नेट पॅक’ महिनाभर पुरवून वापरायचा म्हणून लोक मोबाइल डेटा बंद ठेवत, काम असेल तेव्हा चालू करत, झालं की पुन्हा बंद. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, दर कोसळले आणि हा लगाम गेला. पाठोपाठ रोजच्या एक-दीड जीबीचे प्लॅन आले. न वापरलेला डेटा रात्री बाराला संपतो. महिनाभर पुरवण्याची वस्तू रोज संपवण्याची झाली. शेतकऱ्याला बाजारभाव, परगावच्या मुलाचा चेहरा, स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं हे सगळं याच स्वस्त डेटानं घरात आणलं. ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण डेटा चालू करण्यासाठी जी एक लहानशी कृती करावी लागायची, तिच्यात ‘खरंच हवंय का?’ एवढा विचार आपोआप व्हायचा. तो विचार डेटाबरोबर फुकट मिळाला नाही.

आता आपलं अवलंबित्व बघू. ते नुसतं सवयीचं नाही. दूधवाल्याचे पैसे, गॅसची नोंदणी, बँकेचा ओटीपी, लोकलचं तिकीट, मुलांच्या शाळेचा गृहपाठ, डॉक्टरांचा रिपोर्ट, सोसायटीची पाण्याची सूचना, सगळं फोनवर येतं. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या नोंदी फोनवर होतात. रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्याचं आणि घरपोच जेवण देणाऱ्या मुलाचं पोट फोनवर आहे. यांना ‘फोन बाजूला ठेवा’ हा सल्ला देणं म्हणजे त्यांच्या आयुष्याकडे न बघता बोलणं आहे. अडचण अशी की कामाचा दरवाजा आणि ओढीचा दरवाजा एकच आहे. ओटीपी बघायला फोन उघडला. वरच्या पट्टीत व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह दिसलं. ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस होता, शुभेच्छा दिल्या. कुणीतरी टाकलेली लिंक उघडली, ती रीलवर घेऊन गेली. दहा मिनिटांनी मान वर केली तेव्हा ओटीपीची मुदत संपली होती आणि पैसे भरायचे राहिले होते.

म्हणूनच सरसकट ‘व्यसन’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात खेळांच्या आहारी जाण्याचा विकार आहे, स्मार्टफोनचं व्यसन असा आजार नाही. खेळांच्या विकाराला लावलेल्या कसोट्या मात्र समजून घ्याव्यात अशा आहेत. स्वतःवरचा ताबा सुटणं, इतर गोष्टींपेक्षा त्या एका गोष्टीला जास्तीत जास्त महत्त्व मिळत जाणं, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही ती चालूच ठेवणं. हे सहसा वर्षभर टिकून असावं लागतं. तासांचा आकडा त्यात कुठेही नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक चालतं. झोप, अभ्यास, नोकरी किंवा घरातली नाती खरोखर मोडकळीला आली असतील, तर अशा तज्ज्ञांकडे जाण्यात अजिबात कमीपणा मानू नये.

तासांवरून निष्कर्ष काढणं किती अवघड आहे, याचं एक मोठं उदाहरण आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या समाधानात जो फरक दिसत होता, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्का भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. यावरून फोन निरुपद्रवी ठरत नाही. आजीशी व्हिडिओ कॉलवर घालवलेला तास आणि मध्यरात्री अनोळखी लोकांच्या शिव्या वाचण्यात घालवलेला तास एकाच खात्यात जमा केले, तर हाती काही लागत नाही, एवढं त्यावरून कळतं.

नुकसान मोजायचंच तर मी ते लक्षाच्या तुकड्यांत मोजेन. ग्लोरिया मार्क यांनी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आहे. माणूस एका पडद्यावर न हलता किती वेळ राहतो? २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं. २०१२ मध्ये ७५ सेकंद. त्यानंतरच्या वर्षांत ४७ सेकंदांच्या आसपास. टेक्सास विद्यापीठाच्या एड्रियन वॉर्ड यांनी २०१७ मध्ये असंही दाखवलं, की बंद फोन नुसता टेबलावर असला तरी लोक बुद्धीच्या चाचण्यांत थोडे मागे पडतात आणि तो दुसऱ्या खोलीत असला की चांगली कामगिरी करतात. हा निष्कर्ष फार गाजला. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा निकाल सारखे आले नाहीत, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही.

झोपेबद्दलही असंच थोडं तारतम्य हवं. २०१५ मध्ये १२ जणांवर झालेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन कमी झालं. म्हणजे उजेडाचा परिणाम खरा आहे, पण तो दहा मिनिटांचा. अंथरुणावर पडल्यावर ‘पाच मिनिटं बघतो’ म्हणून जो दीड तास जातो, तो यात धरलेला नाही. पडदा पिवळसर करून तो दीड तास परत मिळत नाही.

स्वतःला तपासायचं कसं, यासाठी दोन गोष्टी पुरतात. पहिली फोनमध्येच आहे. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ या नावाखाली रोजची नोंद मिळते. दोन्ही सोयी २०१८ मध्ये आल्या. तिथे तासांचा मोठा आकडा असतो, तो तूर्त बाजूला ठेवा. दिवसात फोन किती वेळा उघडला, हा आकडा बघा. आयफोनवर फोन उचलल्यावर पहिल्यांदा कोणतं अ‍ॅप उघडलं हेही दिसतं. ते सगळ्यांत बोलकं आहे, कारण कामासाठी उचलला की ओढीनं, हे तिथे कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद आणि पेन्सिल. काही दिवस वापर कमी करायचा प्रयत्नच करू नका. फोन हातात आला हे ध्यानात येईल तेव्हा कागदावर तीन शब्द लिहा. कुठे होतो, आधी काय करत होतो, मनात काय होतं. ‘स्वयंपाकघर, कुकरची शिट्टी, वाट.’ ‘ऑफिस, साहेबांचा मेल, धास्ती.’ ‘अंथरूण, एकटं.’ प्रत्येक वेळ पकडता येणार नाही, येतील तेवढ्या पुरतात. माझ्या कागदावर सगळ्यांत ठळक दिसलं ते असं, की लिहिताना अवघड वाक्य आलं की हात फोनकडे जातो. कंटाळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. तिथे अडायची भीती होती. कुणाच्या कागदावर रिकामी जागा दिसेल, कुणाच्या एकटेपण, कुणाच्या घरातला ताण. सासूबाईंच्या आजारपणात रात्री जागणाऱ्या बाईचा फोन आणि परीक्षेचा अभ्यास टाळणाऱ्या मुलाचा फोन स्क्रीन टाइममध्ये सारखाच दिसतो. कागदावर तो वेगळा दिसतो, आणि त्याच्यावरचा उपायही वेगळाच असणार.

उपायांबद्दल थोडी खात्रीची माहिती आहे. नोटिफिकेशन पूर्ण बंद करा, हा सल्ला सगळे देतात. २०१९ मध्ये २३७ जणांवर झालेल्या प्रयोगात ज्यांना दिवसातून तीनदा एकगठ्ठा नोटिफिकेशन दिली गेली, त्यांचं लक्ष, मनःस्थिती आणि फोनवरचा ताबा सुधारला. ज्यांची पूर्णच बंद केली, त्यांची काळजी उलट वाढली. आपल्याला न कळता काहीतरी घडत असेल, असं त्यांना वाटत राहिलं. ८९ टक्क्यांचा आकडा लक्षात घेतला तर याचं नवल वाटत नाही. फोन गप्प केला तरी हात थांबत नाही. फोनचे रंग काढून पडदा करडा केल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा वापर दिवसाला सुमारे ३८ मिनिटांनी उतरला, असं २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. हा बदल सेटिंग्जमध्ये मिनिटभरात करता येतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६७ जणांना दोन आठवडे फोनवरचं इंटरनेट बंद ठेवायला सांगितलं होतं. फोन कॉल आणि साधे मेसेज चालू. कॉम्प्युटरवरचं इंटरनेटही चालू. लक्ष, मनःस्वास्थ्य आणि समाधान या तीनपैकी किमान एका बाबतीत ९१ टक्के लोकांमध्ये सुधारणा दिसली. ठरल्याप्रमाणे बंधन पाळणारे मात्र जेमतेम पाव भाग होते.

मला स्वतःला जागेचा बदल सगळ्यांत भरवशाचा वाटतो. फोनचा चार्जर बैठकीच्या खोलीत, उशाशी साधं गजराचं घड्याळ, मनगटावर घड्याळ. वेळ बघायला फोन काढणं हा दिवसातला केवढा मोठा बहाणा आहे, हे मनगटी घड्याळ घातल्यावर कळतं. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. उठून आणायला लागणारी दहा पावलं हीच ती जुनी ‘डेटा चालू करण्याची’ कृती. तेवढ्यात विचाराला जागा मिळते. पण रिकामा हात तसाच राहणार असेल तर तो परत फोनकडेच जाईल, म्हणून त्या जागी दुसरं काही ठेवावं लागतं. विणकाम, शब्दकोडं, खिडकीतून बाहेर बघणं, काहीही. नवी सवय बसायला लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एकवीस दिवसांत सवय बदलते असं जे सांगितलं जातं, त्यावर विसंबून कुणी निराश होऊ नये.

आणि एकट्यानं होणारी ही गोष्ट नाही, हे मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोविडनंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलं लिहायला-वाचायला टाळाटाळ करतात, शाळेच्या आधी आणि नंतर मोबाइलमध्येच असतात, असं शिक्षकांच्या ध्यानात आलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा झाली आणि ठरलं. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, तेव्हा घराघरातले मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, तोवर मुलांचा अभ्यास आणि घरच्यांचं बोलणं. सुरुवातीला लोक मनावर घेत नव्हते. अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले, समजावत राहिले. मग ते रुळलं.

या गावानं नुसता मुलांचा मोबाइल काढून घेतला नाही, ही त्यातली सगळ्यांत शहाणी गोष्ट. मोठ्यांचा टीव्हीही त्याच भोंग्यावर बंद होतो. शालेय शिक्षणाच्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आढळलं. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरणारी मुलं ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. ही मुलं घरात जे बघतात तेच शिकतात. आणि मोठ्या माणसांनाही ठरलेल्या वेळी फोन ठेवणं सोपं जातं, ते गावातल्या कुणाचाच फोन त्या वेळी चालू नसतो म्हणून. आपल्याला कुणी मेसेज केला असेल का, ही शंकाच त्या दीड तासात येत नाही.

शहरात भोंगा नाही. पण चार माणसांच्या घरात, भावंडांच्या ग्रुपवर, ऑफिसातल्या एका टीममध्ये एवढं ठरवता येतं, की मेसेजला लगेच उत्तर आलं नाही तर कुणी रुसायचं नाही, दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणून जाब विचारायचा नाही, आणि खरंच तातडीचं असेल तर सरळ फोन लावायचा. आईवडील गावी असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवावं आणि त्यांचा नंबर रात्रीही वाजेल असा लावून ठेवावा. बहुतेक फोनमध्ये ठरावीक नंबरांना तशी सूट देता येते. रात्री अपरात्री ‘कुणाचं काही आलं असेल का’ म्हणून उशाशी हात नेणाऱ्या अनेकांना खरी काळजी आईवडिलांचीच असते.